बंद केलेल्या मशीनचं बिल

पाणी खात्यात त्यांना सगळे थेंबराव म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते कुणाला आठवत नव्हतं, आणि का ठेवलं ते कुणी विचारत नव्हतं. उभी नोकरी त्यांनी पाण्याचे मीटर वाचण्यात काढली होती. काखेत पिशवी, हातात लोखंडी झाकण उचलायचा आकडा, खिशात एक ओलं फडकं. झाकण उचलायचं, आतल्या गोगलगायी बाजूला सारायच्या, काच पुसायची आणि गुडघ्यावर बसून आकडे टिपायचे. कुत्रं अंगावर आलं तरी आकडा अर्धवट सोडायचा नाही.

बिल जास्त आलं की लोक दारातच त्यांना गाठायचे.

"अहो, आम्ही महिनाभर इथे नव्हतोच. सगळे नळ बंद करून गेलो होतो."

"तुम्ही बंद केले असतील," थेंबराव शांतपणे म्हणायचे, "पाण्याला कळलं नसेल."

मग ते संडासाच्या टाकीपासून गच्चीवरच्या फ्लोटपर्यंत सगळं बघायचे आणि गळती शोधून द्यायचे. बिल मात्र एका पैशानं कमी व्हायचं नाही. कुणी गयावया केली, कुणी ओळख काढली, कुणी डोळ्यांत पाणी आणलं, तरी त्यांचं उत्तर ठरलेलं असे : "मीटरला नातेवाईक नसतात."

घरीही हाच कायदा. बाहेर पडताना गॅस, नळ, पंखे, दिवे बघायचे, कुलूप ओढून बघायचं आणि रस्त्यावर गेल्यावर पुन्हा एकदा मान वर करून खिडकीकडे बघायचं. त्यांची बायको मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायची. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसून जीव मुठीत धरायची सवय असल्यामुळे तिचा स्वभाव फार थंड होता. ती आंघोळीला गेली की थेंबराव बाहेरून गीझरचं बटण बंद करायचे. पहिल्या वर्षी ती ओरडली, नंतर तिनं गार पाण्याची सवय करून घेतली, आणि पुढे बाथरूमच्या आतच बटण बसवून घेतलं.

असं सगळं सुरळीत चाललं असताना खात्यानं नवे मीटर आणले. हे मीटर स्वतःच आपली रीडिंग पाठवणारे होते. झाकण उचलायला नको, फडकं नको, थेंबरावही नकोत. मीटर वाचणाऱ्यांपैकी काहींना गोदामात पाठवलं, काहींना टँकरच्या फेऱ्या मोजायला. थेंबरावांना उपअभियंता मॅडमनी बोलावून घेतलं. या मॅडम वयानं त्यांच्याहून बऱ्याच लहान, पण बोलायला सरळ.

"काका, तुमचे आकडे कधी चुकलेले मी पाहिले नाहीत. तुम्हाला माहिती कक्षात घेते. पण क्लाउड शिकावं लागेल. ऑनलाइन कोर्स आहे, शेवटी परीक्षा. पास झालात तर खुर्ची तुमची."

"क्लाउड म्हणजे नक्की कुठे?" थेंबरावांनी विचारलं.

"दुसऱ्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर. आपण भाडं द्यायचं, वापरायचं."

"त्याला मीटर असतो का?"

मॅडम हसल्या. "मीटर तेवढा असतो, काका. बाकी काहीच दिसत नाही."

मीटर आहे म्हटल्यावर थेंबरावांच्या जिवात जीव आला. जिथे मीटर आहे तिथे आपण परके नाही, असं त्यांना वाटलं.

घरी त्यांनी मेहुण्याला बोलावून घेतलं. बायकोचा हा धाकटा भाऊ मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवायचा आणि दुकानाच्या पाटीवर त्यानं 'आयटी सोल्युशन्स' असं लिहून घेतलं होतं. जगात कॉम्प्युटर या विषयावर त्याला येत नाही असं काही नव्हतं, आणि येत आहे असं कुणी पाहिलेलंही नव्हतं.

"भावोजी, एकदम सोपं आहे," तो म्हणाला. "खातं उघडायचं. पहिलं वर्ष फुकट असतं. फक्त एक कार्ड द्यावं लागतं, तेही नुसतं ओळखीसाठी."

थेंबरावांकडे कार्ड नव्हतं. कार्ड म्हणजे खिशातला उघडा नळ, असं त्यांचं मत होतं. मग बायकोनं आपलं कार्ड पर्समधून काढलं आणि हातात धरून ठेवलं.

"फुकट आहे, तर कार्ड कशाला?" तिनं विचारलं.

"अगं ताई, ओळखीसाठी," भाऊ म्हणाला.

"मग फोटो द्या ना."

यावर दोघा पुरुषांनी तिच्याकडे कौतुकानं आणि थोडी कीव आल्यासारखं बघितलं. कार्ड दिलं गेलं.

कोर्समध्ये शिकवणारा मास्तर दाढीवाला, उत्साही, आणि प्रत्येक वाक्याला 'मित्रांनो' म्हणणारा होता. पहिला धडा खातं उघडण्याचा झाला. दुसऱ्या धड्याचं नाव पडद्यावर आलं : 'अनपेक्षित बिल कसं टाळावं'. थेंबराव गालातल्या गालात हसले. पोहणाऱ्या माशाला कुणी बादली दाखवावी तसं त्यांना वाटलं. त्यात व्हिडिओला मोबाइलचा डेटा जात होता. जे आपल्याला जन्मतः येतं ते शिकण्यासाठी डेटा जाळायचा, हीच मुळात उधळपट्टी. त्यांनी तो धडा गाळला आणि तिसऱ्यावर गेले. डेटा वाचल्याचं समाधान त्यांना त्या दिवशी जेवतानाही होतं.

आणि मग एक वेगळीच गोष्ट घडली. थेंबरावांना ते शिकणं आवडायला लागलं.

तिसऱ्या धड्यात त्यांनी एक बटण दाबलं, आणि दूर कुठल्यातरी अनोळखी गोदामात त्यांच्या नावानं एक मशीन सुरू झालं. पडद्यावर हिरवा ठिपका लागला. मास्तरानं सांगितलेला हुकूम त्यांनी एका बोटानं टाइप केला. पलीकडून उत्तर आलं. थेंबराव खुर्चीतून अर्धवट उठले. आजवर त्यांनी जमिनीत वाकून आकडे पाहिले होते, पण जमिनीनं त्यांना कधी उत्तर दिलं नव्हतं.

"अगं, हे बोललं!" ते स्वयंपाकघराकडे बघून ओरडले.

"काय म्हणालं?"

"म्हणजे... तारीख सांगितली."

"बरं झालं," ती म्हणाली. "कॅलेंडर आणायला नको."

मग ते रोज कामावरून आल्यावर बसू लागले. एक मशीन केलं, दुसरं केलं, माहिती साठवायचं कोठार केलं. अर्थात शिस्त सोडली नाही. अभ्यास संपला की 'थांबवा' वर बोट ठेवायचं, हिरवा ठिपका राखाडी होईपर्यंत डोळा हलवायचा नाही, आणि मगच हात धुवायला उठायचं. मास्तर स्वतः असं बंद करत नाही, हे त्यांनी दोनदा पाहिलं होतं आणि त्याच्याविषयीचा त्यांचा आदर थोडा कमी झाला होता.

पुढे एक मोठा धडा आला. त्यात दोन मशीनं, त्यांच्यात काम वाटून देणारा एक मुकादम, एक डेटाबेस आणि बाहेरच्या जगात ये-जा करायला एक दरवाजा असं सगळं कुटुंब उभं करायचं होतं. मास्तरानं सुरुवातीला पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात काहीतरी निवडलं. थेंबरावांनीही तेच निवडलं. सगळं जमलं. इतका आनंद झाला की त्या दिवशी ते बंद करायला विसरले. दुसऱ्या दिवशी लगबगीनं खातं उघडून पाहतात, तर यादी रिकामी. मशीन नाही, मुकादम नाही, काही नाही.

थेंबराव थक्क झाले. म्हणजे विद्यार्थ्यांनी केलेलं काम ही कंपनी स्वतःच आवरून ठेवते! पाहुण्यांनी जेवून उठावं आणि यजमानानं ताटं घासून ठेवावीत तसं. "शिस्त आहे हो त्यांच्यात," त्यांनी कचेरीत मॅडमना सांगितलं. मॅडम फाइलमध्ये होत्या, त्या नुसत्या "हं" म्हणाल्या.

बिलाचा मेसेज आला तो बायकोच्या फोनवर. ती तेव्हा एका नवशिक्या विद्यार्थिनीला चढावर गाडी थांबवून पुन्हा सुरू करायला शिकवत होती. मेसेज वाचला आणि तिनं आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. गाडी चढावर गचकन थांबली.

"चुकलं का माझं?" विद्यार्थिनीनं घाबरून विचारलं.

"तुझं नाही," ती म्हणाली. "डावीकडे वळव. पाणी खात्यात जायचंय."

विद्यार्थिनीनं आयुष्यात पहिल्यांदाच इतकी रहदारी कापली. गाडी पाणी खात्याच्या आवारात शिरली, सायकल स्टँडला जेमतेम चुकवून उभी राहिली, आणि थेंबरावांना निरोप गेला. ते खाली आले. बायकोनं खिडकीतूनच फोन पुढे केला.

"अहो, हा क्लाउड कोण?"

थेंबरावांनी आकडा वाचला. त्यांच्या अर्ध्या पगाराएवढा होता. तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय, हे पाणी खात्यातल्या माणसाला त्या दिवशी कळलं.

"फसवणूक आहे ही," ते म्हणाले. "कुणीतरी कार्ड चोरलं. मी सगळं बंद केलंय. रोज बंद करत होतो. शपथेवर सांगतो, ठिपका राखाडी होईपर्यंत..."

बायकोनं त्यांच्याकडे नीट बघितलं. विद्यार्थिनी स्टिअरिंग धरून समोर बघत होती, पण तिचे कान इकडेच होते.

"तुम्ही बंद केलं असेल," बायको म्हणाली, "मशीनला कळलं नसेल."

आणि तिनं गाडी सुरू करायला सांगितली. ती तीनदा बंद पडली, त्यामुळे थेंबरावांना तिथे उभं राहून बराच वेळ ते वाक्य ऐकू येत राहिलं.

बँकेतल्या माणसानं कार्ड बंद केलं, पण फसवणुकीची तक्रार घ्यायला तयार होईना. "कंपनी खरी आहे. परवानगी तुम्हीच दिली आहे," तो म्हणाला. "त्यांनी तुम्हाला काहीतरी दिलं असेल, तुम्ही वापरलं असेल."

"मी वापरलं नाही!"

"मग चालू राहिलं असेल," तो म्हणाला आणि त्यानं पुढच्या माणसाला हाक मारली. इतक्या कोरड्या आवाजात इतकं बरोबर बोलणारा माणूस थेंबरावांना एरवी फार आवडला असता.

मेहुणा संध्याकाळी आला आणि त्यानं पायावर पाय टाकला. "कार्ड ब्लॉक केलं ना? विषय संपला. खातं सोडून द्या."

"आणि तिकडे काही चालू असेल तर?"

"चालू दे ना भावोजी. बिल कोण भरतंय? मी माझं तसंच सोडलंय दोन वर्षांपूर्वी."

थेंबराव त्याच्याकडे बघत राहिले. ज्या माणसाच्या भरवशावर आपण कार्ड दिलं तो थकबाकीदार आहे, ही माहिती त्यांना कार्ड देण्याआधी उपयोगी पडली असती. त्या दिवशी त्यांनी मेहुण्याला चहा दिला, पण दुसऱ्यांदा विचारला नाही.

रविवारी दुपारी ते कॉम्प्युटरसमोर बसले. बायकोही खुर्ची ओढून शेजारी बसली. तिचं कार्ड होतं, बसण्याचा हक्क होता.

गळती शोधायची रीत थेंबरावांना पाठ होती. घरातले सगळे नळ बंद करायचे आणि मीटरवरच्या छोट्या चक्रीकडे बघायचं. ती फिरत असेल तर कुठेतरी पाणी जातंय. मग एकेक जोड बंद करत जायचं. त्यांनी बिलाचं पान उघडलं, कालचा आणि आजचा खर्च शेजारी शेजारी ठेवला. चक्री फिरत होती. चांगली गरगर फिरत होती.

पहिली सापडली ती बारीक ठिबक. थांबवलेलं मशीन थांबलेलं होतं हे खरं, पण त्याची डिस्क, म्हणजे सामान ठेवायचा कप्पा, तसाच होता आणि त्याचं भाडं लागत होतं. एक पत्ता त्यांनी मशीनसाठी राखून घेतला होता. मशीन बंद, तरी पत्ता राखलेला, म्हणून त्याचेही पैसे. म्हणजे भाडेकरू झोपला म्हणून खोली रिकामी होत नाही. थेंबरावांना हे पटलं, आणि पटल्याचा राग आला. त्यांनी थांबवलेलं सगळं पुसून टाकलं. तरी मोठा आकडा जागचा हलेना.

"यादीत तर काही नाही," ते म्हणाले. "आडातच नाही काही, मग हे जातंय कुठून?"

बायको बराच वेळ पडद्याकडे बघत होती. दिवसभर लोकांना रस्त्यावरच्या पाट्या वाचायला लावणं हा तिचा धंदा.

"वर कोपऱ्यात एका शहराचं नाव लिहिलंय," ती म्हणाली. "ते बदलतं का?"

थेंबरावांनी त्या नावावर टिचकी मारली. खाली शहरांची लांबलचक यादी उघडली. तेव्हा त्यांना मास्तरानं सुरुवातीला कोपऱ्यात काहीतरी निवडल्याचं आठवलं. एकेक शहर ते उघडत गेले. रिकामं. रिकामं. रिकामं. आणि एका शहरात सगळं कुटुंब भेटलं. दोन मशीनं, मुकादम, डेटाबेस, दरवाजा. सगळ्यांचे ठिपके हिरवे. गेले कित्येक आठवडे ते तिथे दिवे लावून, कामाची वाट बघत, ताशी भाड्यानं बसले होते. कुणी आलं नव्हतं, कुणी गेलं नव्हतं, दरवाजा मात्र उघडा असल्याचे पैसे घेत होता.

"किती छान जमलं होतं हो," बायको म्हणाली. ती मनापासून म्हणाली की टोमणा होता, हे तिच्या चेहऱ्यावरून कळेना.

पुसणंही सोपं नव्हतं. दरवाजा जाईना, कारण भिंत त्याला धरून होती. भिंत जाईना, कारण मशीन तिला टेकलं होतं. डेटाबेसनं तर "नक्की का?" असं विचारून पुसण्याचा शब्द अक्षर न अक्षर टाइप करायला लावला. हे सगळं चालू करताना कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं, याची थेंबरावांनी नोंद घेतली.

आवराआवर झाल्यावर त्यांनी मुकाट्यानं दुसरा धडा लावला. छोटासाच धडा होता. त्यात सगळं होतं : खातं उघडल्या उघडल्या खर्चाची मर्यादा लिहून ठेवा, ती ओलांडली की तुम्हाला इशारा येईल, तेवढ्यानं मशीन बंद पडत नाही, तेव्हा उठून स्वतः बघा. कोपऱ्यातलं शहर तपासा. थांबवणं वेगळं, पुसणं वेगळं. फुकट म्हणजे सगळंच फुकट नव्हे, कोणत्या वस्तू फुकट ते वाचा. शेवटी मास्तर दाढीवरून हात फिरवून म्हणाला, "मित्रांनो, पुष्कळ जण हा धडा गाळून पुढे जातात."

बायको काही बोलली नाही. एवढं मोठं मन तिनं लग्नात सप्तपदीलाही दाखवलं नव्हतं.

आता उरलं ते कंपनीला पत्र. थेंबरावांनी खात्याच्या वळणानं सुरुवात केली : 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अधोस्वाक्षरीकार हा...'

"हे त्यांना कळणार आहे का?" बायकोनं विचारलं. "सरळ लिहा. शिकत होतो, विसरलो, आता सगळं काढलंय, इशारा लावलाय. पैसे परत देता आले तर द्या."

"असं कोण देतं? चौकशी होईल. पंचनामा होईल. पुरावे मागतील. मी काय त्यांचा नातेवाईक आहे?"

"लिहा तर."

त्यांनी लिहिलं, प्रत्येक वाक्य दोनदा पुसून. पायरीवर उभं राहून 'या वेळेस तेवढं बघा' म्हणणारे लोक त्यांनी आयुष्यभर पाहिले होते, पण ते शब्द आतून बाहेर यायला किती ताकद लागते हे त्यांना माहीत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. ग्राहक सेवेतल्या कुणा बाईनं लिहिलं होतं की, शिकताना असं होतं, काळजी करू नका, फक्त या एका वेळेसाठी बरीचशी रक्कम परत करत आहोत. खाली शुभेच्छा, आणि परीक्षेसाठीही वेगळ्या शुभेच्छा.

बायकोनं सुटकेचा श्वास सोडला. थेंबराव मात्र भडकले.

"हे काय? कुणी बघायला आलं नाही, कुणी सही घेतली नाही! मी खरं बोलतोय हे त्यांना काय माहीत?"

"अहो, पैसे परत आले."

"आले, पण असं खातं चालवतात का? उद्या कुणीही उठेल आणि पत्र लिहील!"

"तुम्हाला परत करायचेत का ते?"

थेंबरावांनी परत आलेला आकडा पुन्हा एकदा वाचला. तत्त्वाचा प्रश्न त्यांनी तेवढ्यापुरता बाजूला ठेवला.

परीक्षा ते पास झाले. चांगल्या गुणांनी झाले. माहिती कक्षात त्यांना खिडकीजवळची खुर्ची मिळाली आणि मॅडमनी खात्याचं क्लाउडचं बिल बघायचं काम त्यांच्याकडे दिलं. आजवर ते बिल 'इतर' या सदरात येत होतं आणि 'इतर' या सदरातून जात होतं. थेंबरावांनी ते उघडलं आणि त्यांचे डोळे पांढरे झाले. आपलं कुटुंब परवडलं, इथे तर गाव वसलं होतं. नवे मीटर बसवणाऱ्या कंत्राटदारानं कधीकाळी चाचणीसाठी उभी केलेली मशीनं तशीच सोडून तो दुसऱ्या कामावर निघून गेला होता. ज्या शहरात खात्याचं काहीच काम नव्हतं, तिथेही ठिपके हिरवे.

थेंबरावांच्या अंगात वारं शिरलं. ते एकेक मशीन तपासून बंद करू लागले. कुणाचं काय हे ते आधी विचारायचे, उत्तराची वाट बघायचे, मगच हात लावायचे. बिल निम्म्यावर आलं. मॅडम खूश झाल्या. शेवटी एक मशीन उरलं. त्याचं नाव होतं 'टेस्ट दोन जुनं वापरू नका'. त्यांनी कक्षात विचारलं, कुणाला माहीत नाही. कंत्राटदाराला विचारलं, त्यानं फोन उचलला नाही. नावातच सगळं लिहिलेलं होतं. थेंबरावांनी ते बंद केलं, आणि आता शहाणे झाले असल्यामुळे डिस्कसकट पुसलं.

पुढच्या बिलांनंतर लेखाधिकारी स्वतः जिना चढून माहिती कक्षात आले. खात्यात हे लेखाधिकारी जिना चढण्यासाठी प्रसिद्ध नव्हते, आणि हसण्यासाठी तर नव्हतेच. त्या दिवशी त्यांनी दोन्ही केलं.

"टेकडीवरच्या वसाहतीची वसुली एकदम वाढली आहे," ते म्हणाले. "तुम्ही तिथे काय सुधारणा केलीत?"

"मी?" थेंबराव म्हणाले. "तिथे मी काही केलं नाही."

"मग बाकीच्या भागांतही असंच काही न करणं जमतंय का बघा."

ते गेले. कारणाशिवाय वाढलेला आकडा थेंबरावांना कधीच आवडला नव्हता. त्यांनी टेकडीची रीडिंग उघडली. रीडिंग नव्हतीच. टेकडीवरच्या सगळ्या मीटरांची माहिती त्या 'वापरू नका' मशीनवर येत होती. चाचणी म्हणून सुरू केलेलं मशीन कंत्राटदारानं तसंच खऱ्या कामाला जुंपलं होतं आणि नाव बदलायचा आळस केला होता. मशीन गेलं, रीडिंग बंद झाली, आणि रीडिंग नाही म्हणून बिलाच्या यंत्रणेनं सगळ्यांना सरसकट अंदाजे बिल लावलं. तो अंदाज कुणीतरी सढळ हातानं बसवलेला होता.

थेंबराव तडक मॅडमकडे गेले आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मॅडमनी डोक्याला हात लावला.

"नवीन मशीन लावता येईल?"

"आजच लावतो. पण मीटर झोपलेत."

"झोपलेत म्हणजे?"

"पलीकडून उत्तर येत नाही असं दिसलं की बॅटरी वाचवायला ते स्वतःच बंद होतात. प्रत्येकाजवळ जाऊन चुंबक टेकवल्याशिवाय जागे होत नाहीत. काटकसरी आहेत," थेंबराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज अगदी बारीक झाला.

लेखाधिकाऱ्यांचं मत वेगळं पडलं. लोकांनी तक्रार केलेली नाही, पैसे भरलेले आहेत, मग घाई कसली? पुढच्या वर्षी बघू. त्यांनी हे इतक्या समजुतीच्या सुरात सांगितलं की दुसऱ्या कुणाला पटलंही असतं.

"साहेब, त्यांनी जे पाणी वापरलं नाही त्याचे पैसे आपण घेतलेत," थेंबराव म्हणाले. "मला मीटर वाचायचे आहेत. मला चुंबक द्या."

चुंबक मिळाला. सकाळी टेकडीकडे जाणारी खात्याची गाडी नव्हती, म्हणून बायको त्यांना सोडू लागली. म्हणजे ती शेजारी बसायची आणि गाडी तिचे विद्यार्थी चालवायचे. चढ-उताराच्या सरावाला टेकडी उत्तमच होती. थेंबराव मागच्या सीटवर पिशवी पोटाशी धरून बसायचे आणि एकदाही काही सुचवायचे नाहीत. वरती ते घरोघर फिरायचे, झाकण उचलायचे, चुंबक टेकवायचे, आकडा टिपायचे. नव्या मीटरांखालीही गोगलगायी होत्या, हे बघून त्यांना बरं वाटलं.

सगळी रीडिंग झाली, मीटर जागे झाले, बिलं दुरुस्त झाली, जास्तीचे पैसे पुढच्या बिलात वळते झाले. नव्या मशीनला थेंबरावांनी स्वच्छ नाव दिलं आणि खाली आपला फोन नंबर लिहिला.

आणि मग टेकडीवरचे लोक खात्यात येऊ लागले. बिल वाढलं होतं तेव्हा एकही जण आला नव्हता. आता रांग लागली. बिल कमी का झालं, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. उत्तरं द्यायला खिडकीवर थेंबरावांनाच बसवलं.

रांगेतल्या पहिल्या बाईंनी बिल काउंटरवर आपटलं. "हे काय नवीन? आज कमी दाखवायचं आणि पुढे दुप्पट घ्यायचं, असं ना?"

"नाही ताई. मागचं बिल चुकीचं गेलं होतं. ते आम्ही परत केलं."

"का चुकलं होतं?"

थेंबरावांनी क्षणभर इकडे तिकडे बघितलं. "माझ्याकडून चुकलं. एक मशीन बंद करायचं नव्हतं, मी बंद केलं."

बाईंनी आपटलेलं बिल उचललं. मग त्यांनी मागे वळून रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "खात्याचा माणूस स्वतःच्या तोंडानं चूक कबूल करतोय. म्हणजे घोळ चांगलाच मोठा आहे. कुणीही रांग सोडू नका!"